खाऱ्या पाण्यातले वाटेकरी

पौषातल्या अमावास्येची सकाळ. मालवणच्या खडकांवरून पाणी पार मागे सरलं होतं. एवढी मोठी ओहोटी वर्षातून मोजक्याच वेळा मिळते, म्हणून आईने आदल्या रात्रीच थर्मामीटर, वही आणि जुने रबरी बूट काढून ठेवले होते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली, तरी तिची ही खडकांवरची फेरी चुकलेली नाही. या वेळी सोबत दादा होता, माझा मामेभाऊ. तो चौदा वर्षं अबुधाबीत आहे. पाण्याखालची बांधकामं तपासणाऱ्या पथकात पाणबुड्या म्हणून काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या प्रवाळांच्या पाहणीत हातभार लावतो.

गुडघाभर पाण्याच्या एका डबक्याशी आई थांबली. तळाच्या खडकाला पोळीएवढा तपकिरी थर चिकटलेला होता. ओणवं होऊन पाहिलं तेव्हा त्यावर एकमेकांना खेटून बसलेल्या खळग्यांची नक्षी दिसली. एकेक खळगा मसुरीच्या दाण्याएवढा, आणि त्याच्या मधोमध बारीक चीर. ती चीर म्हणजे एका प्राण्याचं तोंड. थराची एक कड मात्र ताकासारखी फिकट झाली होती. त्या कडेवरून दोघांचं बोलणं सुरू झालं आणि भरती लागेपर्यंत चाललं. वही माझ्या हातात होती. तापमानाच्या नोंदीखाली मी ते बोलणंही टिपत गेले.

दादा : आत्या, ही कड पांढरी पडत चाललीय. आत्ता तर थंडी आहे. एप्रिल-मेमध्ये याचं काय होत असेल?

आई : मेमध्ये ओहोटीच्या वेळी हे डबकं चांगलंच तापतं. जून लागला की पावसाचं गोडं पाणी थेट अंगावर. नद्यांचा गाळ समुद्रात उतरला की इथे हातभर खालचंही दिसत नाही. प्रवाळाला नितळ, कोमट, सारख्या खारटपणाचं पाणी लागतं असं मी वर्गात शिकवत आले. इथे त्यातलं काहीच धड नाही, तरी हा जीव तग धरून आहे. १९७९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या कासिम आणि वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर जिथे जिथे जिवंत प्रवाळ सापडले त्या जागा प्रसिद्ध केल्या. त्यात आपल्या कोकणातल्याही होत्या. तो निबंध वाचला आणि मी खडकांवर फिरायला लागले.

दादा : आमच्याकडचं पाणी याहूनही कडक आहे. ऑगस्टमध्ये तळाशी ३४-३५ अंश, हिवाळ्यात २० च्या खाली. एरवी समुद्राच्या एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, आखातात ४० च्या वर. पहिल्या उन्हाळ्यात उतरलो तेव्हा मास्कच्या कडेने आत शिरलेलं पाणी कोमट चहासारखं लागलं होतं. आणि त्या पाण्यात प्रवाळ उभे होते, तपकिरी, तुकतुकीत. बाकी जगात बरेच प्रवाळ ३१-३२ अंशांनाच माना टाकतात. तेव्हापासून एकच विचार मनात आहे. आखातात जमतं ते इतर ठिकाणी का जमवू नये? आणि जमवणारा एकटा प्रवाळ नाही. त्याच्या पोटातलं शैवाल आहे.

आई : पोटातलं म्हणालास ते अक्षरशः खरं आहे. तुझ्या बोटातलं पोवळं बघ. ते सुद्धा एका प्रवाळाचंच हाड, पण तो भूमध्य समुद्रातला, अंधाऱ्या कपारीत वाढणारा. त्याच्यात शैवाल नसतं. पाण्यातून वाहत येईल ते खायचं आणि फार सावकाश वाढायचं. समुद्रात भिंती उभ्या करणारे प्रवाळ वेगळे. त्यांच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी गोल गोल शैवालं राहतात. चौरस सेंटिमीटरला दहा लाखांच्या घरात. हा जो तपकिरी रंग दिसतोय तो त्यांचा आहे. प्रवाळाची कातडी काचेसारखी पारदर्शक असते.

दादा : आणि बाहेर असताना ते पोहतं, नाही का?

आई : पोहतं तर! बाहेर त्याला चाबकासारखे दोन धागे असतात. प्रवाळाच्या पेशीत शिरलं की ते धागे गळतात आणि शैवाल गोल होऊन बसतं. १८८१ साली कार्ल ब्रांट यांनी अशा शैवालांना झूझँथेला हे नाव दिलं. १९६२ मध्ये ह्यूगो फ्रॉयडेनथल यांनी त्यांना सिंबायोडिनियम ही प्रजात दिली, तीही एका जेलीफिशमधल्या शैवालावरून. मी शिकले तेव्हा एकच प्रजात होती. २०१८ मध्ये तिच्या सात-आठ झाल्या. हे सगळं घराणं सुमारे १६ कोटी वर्षांचं, डायनासोरच्या काळातलं आहे, असं आता मानतात.

दादा : मला त्यांच्यातला व्यवहार फार आवडतो. शैवाल उन्हावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज त्यातून भागते. बदल्यात शैवालाला मिळतो आसरा, आणि प्रवाळाच्या शरीरातून निघणारं खत.

आई : शेत एकाचं, कसणारा दुसरा, तसे हे वाटेकरी. आपल्याकडे भातशेतीत चालतं तसंच. फक्त इथे कागद कुठे नाही. दोघांच्या गरजा जुळतात तोवर व्यवहार चालतो. उष्णता वाढली की आधी हिशेब बिघडतो, रंग नंतर जातो. तांबड्या समुद्रातल्या प्रवाळांवर काम करणाऱ्यांनी २०२१ साली हे दाखवलं. पाणी तापलं की प्रवाळाच्या शरीराला जास्त ऊर्जा लागते, तो स्वतःची प्रथिनं जाळायला लागतो. त्यातून अमोनियम सुटतं. म्हणजे शैवालाला आयतं खत. खत मिळालं की ते स्वतःची वाढ करतं आणि साखर स्वतःकडे ठेवतं. वरून पाहणाऱ्याला प्रवाळ अजून छान तपकिरी दिसतो, आत त्याची उपासमार सुरू झालेली असते.

दादा : आणि मग ब्लीचिंग.

आई : हो. तापलेल्या शैवालाची प्रकाश पचवण्याची यंत्रणा कोलमडते. ऊन तर येतच राहतं. न वापरलेल्या त्या उन्हातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, दोघांच्या पेशी पोळतात, आणि शैवाल बाहेर पडतं किंवा काढलं जातं. मागे उरते पारदर्शक कातडी आणि खालचा पांढरा चुना. तेव्हा प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश जास्त, पण तो काही आठवडे टिकला तर एवढं पुरतं.

दादा : इथेच माझं म्हणणं वेगळं आहे. तू याकडे मोडलेला संसार म्हणून बघतेस. बडेमायर आणि फॉटिन यांनी १९९३ साली वेगळी कल्पना मांडली. जुनं शैवाल गेल्याने जागा मोकळी होते आणि उष्णता सोसणारं दुसरं तिथे येऊ शकतं. बहुतेक प्रवाळांची पिल्लं शैवालाशिवाय जन्मतात आणि आजूबाजूच्या पाण्यातूनच आपला जोडीदार घेतात. मोठेपणीही अनेकांच्या अंगात दोन-तीन जाती असतात, एक भरपूर, दुसरी नावापुरती. वेळ आली की नावापुरती असलेली वाढते. प्रशांत महासागरात किरिटीमाती नावाचं बेट आहे. २०१५-१६ च्या एल निनोमध्ये तिथलं पाणी दहा महिने तापलेलं राहिलं. पांढरे पडलेले काही प्रवाळ पाणी गार होण्याची वाट न बघता, त्या उष्णतेतच पुन्हा तपकिरी झाले. त्यांच्यातलं नाजूक क्लॅडोकोपियम गेलं होतं आणि चिवट ड्युरुसडिनियम वाढलं होतं. तोवर सगळे समजत होते की उष्णता ओसरल्याशिवाय सावरणं शक्य नाही.

आई : ते मीही वाचलंय, आणि वाचून बरं वाटलं होतं. पण त्याच बेटावरचे बाकीचे आकडेही धर. त्या उष्णतेनंतर तिथलं जवळजवळ ८९ टक्के प्रवाळ-आच्छादन गेलं. सावरले ते मोजके. आणि कुठे सावरले? जिथे वस्तीचं सांडपाणी आणि बांधकामाचा त्रास कमी होता तिथे.

दादा : मोजके का होईना, सावरले. एखादं झाड दुष्काळात जगलं तर त्याचंच बी आपण धरतो ना?

आई : धरतो. पण ते झाड दाणे किती देतं हेही बघतो. ऑस्ट्रेलियात ड्युरुसडिनियम असलेल्या प्रवाळांना एक ते दीड अंश जास्त उष्णता सोसता आली, हे २००६ सालचं संशोधन. त्याआधी दोन वर्षं तिथेच आणखी एक प्रयोग झाला होता. लहान प्रवाळांच्या एका गटाला नेहमीचं शैवाल दिलं, दुसऱ्याला चिवट. नेहमीचं शैवाल असलेले दोन-तीन पट वेगाने वाढले. चिवट शैवाल हात राखून देतं. ज्या भिंतीला लाटांचा मार खाऊन दरवर्षी डागडुजी करायची असते, तिला तो हात राखणं परवडत नाही. कॅरिबियन समुद्रात हिंद-प्रशांत भागातून आलेलं असंच एक चिवट शैवाल पसरलंय. त्याने काही प्रवाळ उष्णतेत तगले, पण त्यांचा चुना घडवण्याचा वेग उतरला. जीव वाचला, बांधकाम थांबलं.

दादा : जीव वाचला तर बांधकाम पुढे कधीतरी होईल. मेलेला प्रवाळ काय बांधणार? आणि शैवाल सुधारताही येतं. मॅडलीन व्हॅन ऑपेन आणि रूथ गेट्स यांनी २०१५ साली हाच विचार मांडला. निसर्गाला जे करायला शेकडो वर्षं लागतील ते प्रयोगशाळेत थोडं लवकर घडवायचं. त्याच वाटेने ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी क्लॅडोकोपियमचे दहा वाण चार वर्षं ३१ अंशांच्या पाण्यात वाढवले. पिढ्यांमागून पिढ्या त्या उष्णतेत गेल्या. मग ते वाण प्रवाळांच्या पिल्लांना दिले. दहातल्या तीन वाणांमुळे पिल्लांची उष्णता सोसण्याची ताकद वाढली. २०२० सालची गोष्ट. मला हे विरजणासारखं वाटतं. चांगलं विरजण मिळालं की घरोघर दही लागतं.

आई : तीस वर्षं दही लावते मी. विरजण चांगलं असून भागत नाही. दूध कढत असेल तर तेच विरजण फसतं, भांडं नीट धुतलेलं नसेल तर नासतं. दहातले तीन म्हणालास, म्हणजे नळीत उष्णता सोसणाऱ्या बाकी सातांनी प्रवाळाच्या पेशीत शिरल्यावर काही दिलं नाही. आणि हे सगळं पिल्लांवरचं. शेकडो वर्षांच्या वसाहतीत, उघड्या समुद्रात, दर वर्षी नवं विरजण कोण आणि कसं लावणार?

दादा : मग जे निसर्गानेच लावलंय ते घे. आमच्या आखातातलं. साउदम्प्टन आणि अबुधाबीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्याचं नाव जाहीर केलं, क्लॅडोकोपियम थर्मोफिलम. तेव्हा त्याला सिंबायोडिनियम म्हणत. मागच्या हिमयुगात समुद्राची पातळी इतकी खाली होती की आखात म्हणजे कोरडी दरी होती. आजच्यासारखं भरलेलं आखात साधारण सहा हजार वर्षांचं. तेवढ्या काळात या शैवालाने तिथे बस्तान बसवलं. बाहेरही ते आहे, ओमानपासून तांबड्या समुद्रापर्यंत, पण अगदी तुरळक. म्हणजे बी आधीपासून होतं, कडक उन्हाने ते निवडलं. ३५ अंशांची परीक्षा ते दर वर्षी देतंय.

आई : खाऱ्या पाण्यात देतंय. त्याच संशोधकांच्या गटाने पुढचा प्रश्नही विचारला होता, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आखातातले प्रवाळ घेतले, उष्णता तीच ठेवली आणि पाण्याचा खारटपणा मात्र एरवीच्या समुद्राएवढा केला. काय झालं?

दादा : उष्णता सोसवेना.

आई : सोसवेना. ३५ अंशांत उभा राहणारा जीव, मीठ कमी झाल्याबरोबर वाकला. मग सांग, इथे ते शैवाल आणून सोडलं तर या डबक्यात जूनच्या पहिल्या पावसाला काय होईल? त्याची ती ताकद त्या पाण्याशी बांधलेली आहे. हापूसची कलमं देवगडातून उचलून कुठेही लावता येतात, पण तो गर तिथेच येतो ना, तसंच.

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. डबक्यातलं पाणी हलत नव्हतं. एक इवलासा खेकडा त्या फिकट कडेपर्यंत आला आणि वळून खडकाखाली गेला. मग दादा खाली बसला आणि त्याने २०१७ चं सांगितलं. त्याआधी त्याने ते घरात कधी काढलं नव्हतं.

दादा : तू म्हणतेस ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे उन्हाळ्यात शमाल वारा सुटतो. धूळ आणतो, कामं बंद पाडतो, सगळे त्याला वैतागतात. पण त्याच वाऱ्याने पाण्याची वाफ होऊन समुद्र थोडा निवतो. २०१७ च्या उन्हाळ्यात वारा पडला. पाणी आरशासारखं, आणि तळाशी तापमान ३७ च्याही वर गेलं. ऑगस्टमध्ये उतरलो तेव्हा खाली उजेड जास्त वाटला. आधी कळेना का. मग लक्षात आलं, सगळा तळ पांढरा झालाय आणि तो उजेड परत फेकतोय. ज्या एका मोठ्या वसाहतीच्या खुणेने आम्ही रस्ता ओळखायचो, ती चुन्याच्या ढिगासारखी दिसत होती. काही आठवड्यांनी तिच्यावर हिरवट बुरा चढला. हात लावला तर खाली नुसता खरखरीत दगड. दक्षिण आखातातले सुमारे दोन-तृतीयांश प्रवाळ पुढच्या वसंतापर्यंत गेले. जगातले सगळ्यात काटक म्हणून ज्यांचं नाव होतं, ते.

आई : इतकी वर्षं बोलला नाहीस.

दादा : कुणाला सांगू? खोलीतले सगळे दिवसभर उन्हात राबून आलेले. पण म्हणूनच आत्या, मला नुसतं 'जपा' म्हणून गप्प बसता येत नाही. तू सांडपाणी म्हणतेस, बांधकाम म्हणतेस. ते बरोबरच आहे. पण ग्रेट बॅरियर रीफचा उत्तरेचा टोकाकडचा भाग बघ. वस्ती नाही, शेती नाही, पाणी स्वच्छ. २०१६ साली सगळ्यात जास्त मार तिथेच बसला. स्वच्छ पाण्याने ब्लीचिंगच्या तीव्रतेत जवळजवळ फरक पडला नाही, असं टेरी ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं. आपल्या लक्षद्वीपचं घे. १९९८, २०१०, २०१६, तीन वेळा समुद्र तापला. १९९८ ते २०२२ या काळात तिथलं जिवंत प्रवाळांचं आच्छादन ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आलं. २०२४ मध्ये पुन्हा पांढरं पडलं. तिथे कुठला कारखाना आहे? घर कितीही स्वच्छ ठेवा, गावालाच आग लागली तर काय उपयोग?

आई : याला माझ्याकडे उत्तर नाही. उष्णतेपासून स्वच्छता वाचवत नाही, हे मला मान्य आहे. पण उष्णता गेल्यावर? पांढरा पडलेला प्रवाळ उपाशी असतो. त्या वेळी त्याच्या अंगावर गाळ बसला, वर सांडपाण्याचं नत्र मिळून शेवाळ माजलं, पर्यटकाचा पाय पडला, तर तो उठत नाही. नत्र वाढलं आणि फॉस्फरस कमी पडला की उष्णतेआधीच हा व्यवहार डळमळीत होतो, हेही प्रयोगांतून दिसलंय. स्वच्छ पाणी म्हणजे औषध नव्हे. ते आजारातून उठतानाचं पथ्य आहे. पथ्याने ताप उतरत नाही, पण पथ्य मोडलं तर उतरलेला ताप उलटतो.

दादा : आणि ताप उतरवायला?

आई : कोळसा आणि तेल जाळणं कमी केल्याशिवाय दुसरा मार्ग नाही. पृथ्वी दीड अंशाने तापली तर जगातले ७० ते ९० टक्के भित्तिप्रवाळ जातील, दोन अंशांनी तापली तर ९९ टक्क्यांहून जास्त, असं हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय समितीने सांगितलंय. आता हिशेब मांड. तुझं चिवट शैवाल देतं एक ते दीड अंश. म्हणजे आपण जेवढं बिघडवलं जवळजवळ तेवढंच. ते मिळालं म्हणून आपण आणखी एक अंश बिघडवला, तर हाती काय राहिलं? माझी भीती प्रयोगाची नाही. 'उपाय निघालाय' असं म्हणून लोक निवांत होतील, तिची आहे. एखाद्या प्रकल्पाच्या मंजुरीच्या बैठकीत कुणीतरी म्हणेल, इथले प्रवाळ गेले तरी चालतील, प्रयोगशाळेत नवे तयार होतात.

दादा : आणि माझी भीती उलटी आहे. ताप उतरायला पन्नास वर्षं लागतील. तोवर काहीच हाताशी नसेल तर उतरलेल्या पाण्यात परत लावायला बीसुद्धा उरणार नाही. मला एवढाच वेळ विकत घ्यायचाय.

आई : वेळ विकत घ्यायला माझी ना नाही. पण बी कुठलं, ते ठरवू या. परक्या समुद्रातलं इथे आणायचं नाही, हे तुला पटतंय?

दादा : मिठाचं ऐकल्यावर पटायलाच हवं. आणि सोडलेलं शैवाल परत गोळा करता येत नाही, हे कॅरिबियनने दाखवलंय. पण मग तू उलट बाजूनेही बघ. जे शैवाल या डबक्यात आहे त्याने मेची उष्णता, जूनचं गोडं पाणी आणि तीन-चार महिन्यांचा अंधार एका वर्षात सोसलाय. आमच्याकडचं शैवाल खारटाचं पट्टीचं, हे गढूळाचं. जे शोधायला मी समुद्रापलीकडे बघतोय ते तू इतकी वर्षं बुटाशी घेऊन हिंडतेयस.

आई : हे मला कधी अशा शब्दांत सुचलं नव्हतं. मी हे प्रवाळ दुबळे म्हणून जपायला निघाले होते.

दादा : दुबळे कुठले! पुस्तकाच्या बाहेर राहिलेत ते. उद्या सगळेच समुद्र त्रासाचे झाले तर आज त्रासात राहणाऱ्यांकडूनच शिकायला मिळेल. म्हणून यांच्या पोटात कोण आहे, पावसाआधी कोण, पावसानंतर कोण, हे वर्षानुवर्षं बघायला हवं. आणि आंग्रिया बँकही. विजयदुर्गापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं ते बुडालेलं पठार. तिथलं पाणी नितळ, माथासुद्धा वीसेक मीटर खोल. इथले गढूळ उथळ पाण्यातले आणि तिथले नितळ खोल पाण्यातले, एकाच जिल्ह्यासमोर दोन तऱ्हा.

आई : बघायचं तर इथल्या लोकांना धरून बघायचं. १९८७ साली इथे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. त्यांना वाटलं, समुद्र आपल्या हातून काढून घेतला. कायद्याने प्रवाळाला वाघाएवढंच संरक्षण आहे, पण रोज पाण्यावर असतो तो होडीवाला. नांगर टाकण्याऐवजी कायमच्या बोयाला होडी बांधली, पर्यटकाला पाण्यात उतरवताना 'प्रवाळावर पाय ठेवू नका' हे आधी सांगितलं, तर तेवढ्यानेही यांचा मार कमी होतो. तुझी प्रयोगशाळा माझ्या होडीवाल्याशिवाय चालणार नाही.

दादा : आणि तुझा होडीवाला प्रयोगशाळेशिवाय नुसता वाट बघत बसेल. दोन्ही लागणार.

पाणी परत यायला लागलं होतं. खडकाच्या चिरांमधून ते आधी आवाज करतं, मग दिसतं. आई उठली. दादाने पिशवीतून एक प्लॅस्टिकचं कार्ड काढलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या कोरलवॉच या उपक्रमाचं ते कार्ड आहे. त्याच्या चारही बाजूंना फिकटापासून गडदापर्यंत तपकिरी छटांचे चौकोन छापलेले, प्रत्येक बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि एक ते सहा आकडे. प्रवाळाशेजारी ते धरायचं, सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद भागाशी जुळणारे चौकोन शोधायचे आणि आकडे लिहायचे. काही तोडायचं नाही, काही घरी न्यायचं नाही. शैवाल घटलं की रंग उतरतो, एवढ्या साध्या गोष्टीवर ते चालतं.

मी कागदावर दोघांची मतं शेजारीशेजारी लिहिली होती, आणि आता वाचताना मला कुणा एकाची बाजू घ्यावीशी वाटत नाही. पण एक मला पटलंय. काटकपणा ही कुठूनही आणून बसवायची वस्तू नाही. एका जिवाने एका जागेच्या पाण्याशी, मिठाशी, उन्हाशी हजारो वर्षं घासून घासून तो कमावलेला असतो. तो पाण्याबरोबर जातो. म्हणून आपल्या पाण्यातला काटकपणा आपणच ओळखायचा आहे, आणि तो ओळखण्याआधी मरू द्यायचा नाही. त्यासाठी जगातली धुरांडी विझवायची, तसंच या डबक्याशीही दर ओहोटीला ओणवं व्हायचं. यातलं एक काम केलं म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

दादाने कार्ड पाण्यात बुडवून कडेजवळ धरलं. आई चष्मा वर करून वाकली. दोघांनी आकड्यावर थोडा वाद घातला, ढग सरेपर्यंत थांबून पुन्हा पाहिलं आणि मग एकमत झालं. मी लिहिलं :

पाणी २६ अंश. कड डी २. मध्य डी ५.

लाट डबक्याच्या काठावरून आत आली आणि तपकिरी थर दिसेनासा झाला. दादाने कार्ड पुसून माझ्या हातात दिलं. त्याचं विमान चार दिवसांनी होतं. आईने पंचांग न बघता पुढच्या अमावास्येची तारीख सांगितली, आणि ती मी त्या आकड्यांखाली लिहून घेतली.